फाट्यावरच्या ठेल्यावरून सगळं दिसतं

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरला. एक गावाचा, एक कास्तकारांचा, एक शाळेच्या जुन्या बॅचचा. मजकूर असा: ‘नेट कंपनी तुमच्यावर नजर ठेवून जाहिरातवाल्यांना माहिती देते, ही शहरी अफवा आहे. आपण खेड्यातले, आपलं पाहून कोणाला काय भेटणार? साइटवर कुलुपाचं चिन्ह असलं की कंपनीला काहीच दिसत नाही. तरी भीती वाटली तर इन्कॉग्निटो लावा. आता कायदाही झाला. आणि जाहिरातींमुळेच नेट स्वस्त आहे हे विसरू नका.’ खाली जोडलेले हात.

माझं राळेगाव तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीक विम्यापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं. एका दिवसात चौघांनी ‘हे खरं हाय का भाऊ’ म्हणत तो मेसेज समोर धरला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी कुलूप, कारण त्यात अर्धं खरं आहे. कुलूप असलेल्या साइटवर तुम्ही कोणतं पान वाचलं, काय टाइप केलं, पासवर्ड काय दिला, हे मधल्या कंपनीला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेजही नाही. पण कोणत्या साइटवर गेलात, किती वाजता, किती डेटा ओढला, हे तिला कळतं. साइटचं नाव टाकलं की तिचा नंबरी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर बहुतेक वेळा कंपनीचाच असतो. शिवाय जोडणी सुरू होताना साइटचं नाव सहसा उघडंच जातं, कुलूप त्याच्यानंतर लागतं. आपल्या फाट्यावर पानठेलेवाला बसलेला असतो ना, तसं. तुम्ही सावंगीच्या दवाखान्याच्या गाडीत चढलात हे त्याला दिसतं, पिशवीतला रिपोर्ट दिसत नाही. घरात आजारपण आहे हे कळायला रिपोर्ट लागतो कुठे?

आमच्याकडे फायबर टाकणारा पोरगा ओळखीचा आहे. त्याला म्हटलं, माझ्याच घरचं दाखव. त्यानं लॅपटॉपवर माझ्या कनेक्शनची यादी काढली. नुसती नावं आणि वेळा. रात्री 11:40 ला मूतखड्याची माहिती देणारी साइट. 11:52 ला दवाखाना. 12:10 ला बँक. 12:14 ला सोनेतारण कर्ज देणारी एक कंपनी. 12:30 ला परत बँक. एकही पान न उघडता पोरगा म्हणाला, ‘बाबाची तब्येत बरी नाही काय?’ बाबाचीच बरी नव्हती. बायकोच्या पाटल्यांचं काय चाललंय तेही त्यानं ओळखलं असेल. बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

‘खेड्यातल्या माणसाचं पाहून काय भेटणार’ याचं उत्तर त्याच यादीत आहे. जूनमध्ये पेरणी तोंडावर असते, पीककर्ज अडकलेलं असतं, कापसाचे चुकारे कधीच खर्च झालेले असतात. अशा वेळी रात्री बारा वाजता कोण कर्ज शोधतोय हे कळलं, तर झटपट कर्जाचं अ‍ॅप विकणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कोणतं? शहरातल्या माणसाला बूट पाहिले की बूट दिसतात. आमच्याकडे पऱ्हाटीवरची बोंडअळी पाहिली की ‘एका फवाऱ्यात साफ’ असली औषधं दिसायला वेळ लागणार नाही. वर शहरात एक कंपनी पटली नाही तर दुसरी घेता येते. माझ्या वावरात एकाच टॉवरची रेंज येते, तीही बोरीच्या झाडाखाली उभं राहिलं तर.

आता ‘अफवा’. इंग्लंडमध्ये बीटी या कंपनीनं 2006 आणि 2007 मध्ये फॉर्म (Phorm) नावाच्या जाहिरात कंपनीची यंत्रणा हजारो ग्राहकांच्या लाइनवर त्यांना न विचारता चालवून पाहिली. 2008 मध्ये ते कबूलही केलं. अमेरिकेत व्हेरायझननं 2012 पासून मोबाइल ग्राहकांच्या बिनकुलुपाच्या वेब विनंत्यांना एक ओळखनंबर चिकटवायला सुरुवात केली. तो फोनमध्ये नव्हताच, वाटेत कंपनी लावायची, त्यामुळे कुकी, म्हणजे साइटनं फोनमध्ये ठेवलेली ओळखीची खूण, पुसून उपयोग शून्य. उलट टर्न नावाच्या जाहिरात कंपनीनं त्याच नंबरावरून पुसलेल्या कुकी परत जिवंत केल्या. मार्च 2016 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं व्हेरायझनला साडेतेरा लाख डॉलर दंड लावला. आणि इतकं लांब कशाला? 2015 मध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रामरला एअरटेलच्या 3जीवर उघडलेल्या पानांत बाहेरचा कोड घुसवलेला सापडला. डेटावापर ग्राहकाला कळावा म्हणून ती चाचणी होती, असं एअरटेल म्हणाली. तो कोड पुरवणाऱ्या इस्रायली कंपनीनं मात्र नोटीस धाडली, आणि ती कोणाला? ज्यानं शोधलं त्याला!

एक मान्य करतो. ट्रॅक्टर शोधला आणि लगेच फेसबुकवर ट्रॅक्टर दिसला, तर ते बहुतेक वेळा अ‍ॅपवाल्यांचं आणि गूगलचं काम असतं, नेट कंपनीचं नाही. पण अ‍ॅप काढून टाकता येतं. वायर काढली तर नेटच जातं.

इन्कॉग्निटो फोनमधला इतिहास लपवतं, म्हणजे घरच्यांपासून. क्रोमची ती काळी खिडकी उघडली की तिथेच लिहिलेलं असतं, इंटरनेट कंपनीला हे दिसू शकतं म्हणून. कोणी वाचत नाही. त्यापेक्षा अँड्रॉइड 9 पासूनच्या फोनांत ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सेटिंग असते ती बरी. तीही सगळं झाकत नाही, पत्ता विचारायचं काम तेवढं दुसऱ्याकडे जातं. फुकटचं व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं नेट स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवणारं अ‍ॅप, तर टाकूच नका. त्यात ठेला तोच राहतो, ठेलेवाला फक्त अनोळखी होतो.

स्वस्त नेटचं श्रेय जाहिरातींना देणं म्हणजे गंमत आहे. आपल्याकडे दर पडले ते सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर, स्पर्धेमुळे. जुलै 2024 मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा कुठे गेल्या होत्या जाहिराती? अमेरिकेत एटी अँड टीनं मात्र खरंच भाव लावला होता: ऑस्टिन शहरात 2013 मध्ये महिना 70 डॉलर, आणि जाहिरातींसाठी नजर नको असेल तर 29 डॉलर जास्त. 2016 मध्ये कंपनीनं तो प्रकार बंद केला.

राहिला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, हे खरं. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायची मुदत त्यानंतर 18 महिन्यांची. दंड 250 कोटींपर्यंत आहे. 18 वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. पण आमच्याकडे घरात फोन एक. दिवसा बापाकडे, संध्याकाळी पोरीच्या अभ्यासाला. सिम बापाच्या नावावर. म्हणजे कंपनीच्या लेखी नववीतली पोरगी 46 वर्षांची.

माहिती कशासाठी घेतोय याची सूचना मराठीतही मागता येईल, अशी सोयही कायद्यात आहे. मी जिथून सिम घेतलं त्या दुकानात गेल्या महिन्यात सहज विचारून पाहिलं. काउंटरवरच्या पोरानं आधी मराठीत काय पाहिजे ते दोनदा विचारलं, मग मोबाइलवर एक लिंक पाठवली. 31 पानांची पीडीएफ निघाली, इंग्रजीत. ती उघडायला आधी ओटीपी द्यावा लागला.