तात्यांच्या ‘परदेशी विष’ मेसेजला माझा लांबलचक रिप्लाय

गेल्या रविवारी आमच्या वाडीच्या ग्रुपवर तात्यांनी एक मेसेज टाकला, वर लाल दिवे, खाली हात जोडलेले आणि ‘दहा लोकांना पाठवा’. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज माझ्या माहेरच्या ग्रुपवर आणि मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पण आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चीनमधून अजून येणाऱ्या दूध पावडर, चॉकलेट, बिस्किटांत मेलामाईन असतं, त्याने मुलांच्या किडन्या जातात. बाजारात प्लास्टिकचा तांदूळ आलाय. हॉटेलातला बासा मासा व्हिएतनामच्या विषारी नदीतला असतो. परदेशी सफरचंदावर प्लास्टिकचं मेण असतं. आपल्या कोकणातलं मात्र सगळं शुद्ध. आणि चुकून परदेशी काही पोटात गेलंच तर उपाशीपोटी कोकमाचं पाणी प्या, सगळं केमिकल निघून जातं.

तात्या, राग मानू नका. लग्नाआधी मी सहा वर्षं मासळी एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमधे होते, माल परदेशात जायच्या आधी त्यात काय काय आहे ते बघायचं हेच काम, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

मेलामाईनपासून सुरू करते कारण मेसेजमधलं तेवढंच खरं आहे, म्हणजे अर्धं खरं. २००८ साली चीनमधे बाळांच्या दूध पावडरमधे मेलामाईन सापडलं, जवळपास ३ लाख मुलं आजारी पडली, ५० हजारांवर मुलं हॉस्पिटलात गेली आणि सरकारी आकड्याप्रमाणे ६ बाळं दगावली. पण ते दुधात आलं कसं हे मेसेजमधे कुठेच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. मेलामाईन म्हणजे आपल्या लग्नाच्या हॉलमधल्या न फुटणाऱ्या प्लेटी ज्यापासून बनतात ते. दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी भरतं, गवळ्याला भाव कमी मिळतो. पण डेअरीची जी जुनी टेस्ट आहे ना, केल्डाल म्हणतात तिला, ती प्रोटीन मोजतच नाही, ती मोजते नायट्रोजन आणि मग दुधासाठी ६.३८ ने गुणायचं की झालं प्रोटीन. आता दुधाच्या प्रोटीनमधे नायट्रोजन साधारण १६ टक्के आणि मेलामाईनमधे तब्बल ६६ टक्के. म्हणजे पाणी घाला, वर चिमूटभर ही पांढरी पावडर घाला, मशीन म्हणतं दूध एकदम घट्ट! कोणाला विष घालायचं नव्हतं, टेस्टला फसवायचं होतं. दुधात पाणी घालणारा माणूस आपल्याकडे नाही असं म्हणणाऱ्याने हात वर करावा.

आणि बाळंच का आजारी पडली? कारण त्यांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण तीच पावडर. त्यात लहान बाळांच्या लघवीत यूरिक अ‍ॅसिड जास्त असतं, मेलामाईन त्याच्याशी मिळून खडे बनवतं आणि इवल्याशा किडनीतला रस्ता बंद होतो. सगळ्यात वाईट कंपनीच्या पावडरमधे किलोमागे अडीच हजार मिलिग्रॅमच्या वर मेलामाईन होतं. नंतर बाळांच्या पावडरसाठी जगाने ठरवलेली मर्यादा आहे किलोमागे १ मिलिग्रॅम, बाकी खाण्यासाठी अडीच. मर्यादा शून्य का नाही असं तुम्ही विचाराल, तर प्लेटीतून, पॅकिंगमधून अगदी बारीक अंश उतरतोच आणि तेवढ्याने काही होत नाही, किती पोटात गेलं आणि कोणाच्या पोटात गेलं यावर सगळं आहे.

हां, मेलामाईनच्या वाटीत उकळतं सार ओतू नका आणि ती मायक्रोवेव्हमधे तर अजिबात घालू नका, गरम आणि आंबट पदार्थात ते जास्त उतरतं. २०१३ साली तैवानमधल्या लोकांनी हे माणसांवर तपासून दाखवलं होतं, गरम नूडल्स मेलामाईनच्या वाडग्यात खाल्लेल्यांच्या लघवीत ते जास्त निघालं.

बरं, ‘अजून चीनमधून दूध येतं’ हे तर साफ चूक. भारताने सप्टेंबर २००८ मधेच चीनच्या दुधावर आणि दुधाच्या पदार्थांवर, चॉकलेटसकट, बंदी घातली, मग ती वाढवत वाढवत नेली आणि २०१९ मधे सांगितलं की बंदरांवरच्या लॅब मेलामाईन तपासायला तयार होईपर्यंत ती चालूच राहील.

प्लास्टिकच्या तांदळाबद्दल मला खरंच हसू येतं. जगात सगळ्यात जास्त तांदूळ बाहेर पाठवणारा देश आपला, इथे कोण कशाला बाहेरून खोटा तांदूळ आणेल आणि तोही प्लास्टिकचा, प्लास्टिकचा दाणा रेशनच्या तांदळापेक्षा महाग पडतो हो. भाताचा गोळा करून आपटला की उसळतो, कारण शिजलेल्या भातात स्टार्च चिकट होतो आणि मधे हवा अडकते, आपला उकडा तांदूळ घेऊन बघा, तोही उसळेल. प्लास्टिकची पेज होत नाही. रेशनच्या तांदळात जे वेगळे दिसणारे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे असतात ते फोर्टिफाइड, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी १२ घालून मशीनमधे दाणा पाडलेला असतो, शंभरात एक मिसळतात. आमच्या जाऊबाई ते दाणे निवडून कोंबड्यांना घालत होत्या. कोंबड्या धडधाकट आणि जाऊबाईंचं हिमोग्लोबिन ८!

सफरचंदावरचं मेण म्हणजे बहुतेक वेळा लाख नाहीतर कार्नोबा नावाच्या झाडाचं मेण. लाख म्हणजे जत्रेतल्या बांगड्यांची, किड्यापासून मिळते ती. पचत नाही, जशी आली तशी जाते. पुढे.

आता बासा. एक तर हॉटेलातला बासा व्हिएतनामचाच असेल असं काही नाही, ह्याच जातीचा मासा आंध्रातल्या तळ्यांत ढिगाने पाळतात. बासात जी खरी भानगड असू शकते ती मेसेजवाल्याला माहीतच नाही, ती म्हणजे मॅलाकाइट ग्रीन. हा कापड आणि कातडं रंगवायचा हिरवा रंग, स्वस्त मिळतो आणि माशाच्या अंगावरची बुरशी मारतो म्हणून तळ्यात घालतात. माशाच्या चरबीत त्याचं रंग नसलेलं रूप जाऊन बसतं आणि बराच काळ राहतं, कॅन्सरचा संशय आहे म्हणून युरोप-अमेरिकेतच काय, खुद्द चीनमधेही खायच्या माशाला तो वापरायला बंदी आहे. डोळ्याने दिसत नाही, चवीने कळत नाही, लॅबमधेच कळतं. तेव्हा बासाची भीती घ्यायचीच तर नदीची नको, तळ्यावरच्या त्या डब्याची घ्या.

पाऱ्याचं म्हणाल तर उलटंच आहे. बासा लवकर वाढतो, लवकर कापला जातो, त्यात पारा कमी असतो. पारा साचतो तो मोठ्या, जास्त जगणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशात, म्हणजे आपली लाडकी मुशी आणि थोराड सुरमई. गरोदर बाईने आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, मांदेली खावी, मुशी टाळावी, हे मी माझ्या नणंदेला सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या मुशी खाऊन दूध येतं. आता काय बोलणार.

आणि आता मेसेजमधलं ते वाक्य ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसले. ‘आपल्या कोकणातलं सगळं शुद्ध.’

तात्या, आपण स्वतःच कोणाचं तरी इंपोर्टेड फूड आहोत! माझ्या लॅबमधे म्हाकूल, म्हणजे स्क्विड, यायचं, ते युरोपला जायचं, आणि आमची धाकधूक असायची कॅडमियम या विषारी धातूची. म्हाकूल कॅडमियम साठवून ठेवतं, मुख्यतः त्याच्या लिव्हरमधे, आणि युरोपची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम. साफ करताना लिव्हर फुटली आणि तो मगज मांसाला लागला की रिपोर्ट बिघडला, माल परत. कॅडमियम किडनीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून सांगते, घरी म्हाकूल करताना आतलं सगळं काढा, पिशवी न फोडता काढा, आणि ‘त्यातच चव असते’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पाळलेल्या कोळंबीचं तर २०१६ पासून युरोपने भारतातल्या निम्म्या कन्साइनमेंट उघडून तपासायला घेतल्या, आधी १० टक्के तपासायचे, कारण बंदी असलेली अँटिबायोटिक्स सापडत होती. २०२० मधे तिळात इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायचा विषारी गॅस, २०२४ मधे हाँगकाँग-सिंगापूरला आपल्या मसाल्यांत तेच. तिकडच्या एखाद्या ग्रुपवर तेव्हा ‘इंडियाचं खाऊ नका, विष आहे’ असा मेसेज नक्की फिरला असणार, दहा लोकांना पाठवा म्हणून.

२०१८ आठवतं ना, फॉर्मलिनचं, म्हणजे मासळी टिकवायला घालतात त्या फॉर्मल्डिहाइडच्या पाण्याचं? गोव्याने बाहेरची मासळी अडवली आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या गाड्या हद्दीवर अडकल्या, केवढी बोंब झाली होती. त्यांच्या लेखी आपली मासळी परकी, विषारी. त्यातली गंमत अशी की बोंबलात फॉर्मल्डिहाइड निसर्गतःच तयार होतं, बाकी मासळीपेक्षा जास्त, कोणी काही न घालता. नुसतं ‘निघालं’ म्हणून चालत नाही, कोणत्या माशात किती निघालं ते बघावं लागतं.

आणि हापूस. अढीत गवतात पिकवलेला आंबा आणि कार्बाइडची पुडी ठेवून पिवळा केलेला आंबा यातला फरक आपल्याला कोणी सांगायला नको. कॅल्शियम कार्बाइड हे वेल्डिंगचं सामान, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, फळ पिकवायला कायद्याने बंदी. इथिलीन गॅसला परवानगी आहे, कार्बाइडला नाही, तरी पुड्या मिळतातच. लोट्याच्या केमिकल एमआयडीसीचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतली मेलेली मासळी यावर तर वर्षानुवर्षं पेपरात येतंय, त्याचा एक तरी मेसेज आपल्या ग्रुपवर दहा लोकांना गेला का?

म्हणून परदेशी मालाचा धोका खोटा असं मी म्हणत नाहीये बरं का. १९८१ मधे स्पेनमधे काय झालं बघा. फ्रान्समधून कारखान्यांसाठी म्हणून रेपसीडचं तेल आणलं, खाण्यात वापरता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम अ‍ॅनिलीन घातलेलं, व्यापाऱ्यांनी ते साफ करून सुट्टं, बिनलेबलचं, दारोदार खायचं तेल म्हणून विकलं. २० हजारांवर लोक आजारी पडले आणि ३०० च्या वर मेले. कागदावर एक आणि कॅनमधे दुसरं.

कोकमाचं राहिलंच. मेलामाईन शरीरात राहत नाही, मोठ्या माणसाच्या लघवीतून काही तासांत बरंचसं निघून जातं, कोकम प्या नाहीतर साधं पाणी प्या. आणि कॅडमियम, शिसं, पारा कोकमाने तसूभर हलत नाही. कोकम सरबत चव म्हणून प्या की, औषध कशाला करताय त्याचं!

आता शेवटचं, जरा घरचं. परदेशी माल रीतसर येतो तेव्हा न्हावा-शेवाला अडतो, कागद बघतात, सॅम्पल काढतात, आणि पाकिटावर इथल्या इंपोर्टरचं नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर लागतो. मुंबईतल्या ‘इंपोर्टेड’ दुकानांत तो स्टिकर नसलेलं चॉकलेट मिळतं ते कुठून आलं, कधीचं आहे, कोणालाच माहीत नसतं, ते घेऊ नका, देश कुठलाही असो. आणि गल्फवरून बॅगेतून येतं त्याला तर कोणीच तपासत नाही. ते वाईटच असतं असं नाही, तिकडच्या सरकारचे नियम आहेतच. पण तात्या, तुमच्या बंड्याने दोन वर्षांपूर्वी मस्कतहून आणलेला दूध पावडरचा मोठा डबा अजून तुमच्या फडताळात आहे, परवा काकींनी मला त्याचाच चहा दिला. डबा उलटा करून खालची तारीख तेवढी वाचून ग्रुपवर टाका.