एपीआर दाबलं की विमान उतरलं?

‘विमानाच्या सिम्युलेटरमध्ये आयएलएस म्हणजे पोरखेळ. फ्रिक्वेन्सी टाका, एपीआर दाबा. कुठूनही या, कितीही उंचीवरून या, विमान आपणहून रेषेवर येतं आणि आपणहून उतरतं.’ (आयएलएस म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरायचा उतार रेडिओ लहरींनी दाखवणारी यंत्रणा; एपीआर म्हणजे ऑटोपायलटला ती वाट पकडायला सांगणारं बटण.) हा मेसेज या आठवड्यात नाशिकच्याच तिघांनी मला पाठवला. त्यातल्या एकाचं छोटं सेस्ना विमान परवा सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या 27 (म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे उतरायच्या) धावपट्टीला डावीकडे सोडून थेट समुद्रावर गेलं होतं, तरीही!

‘फ्रिक्वेन्सी टाका’ हे अर्धंच खरं. ती स्टँडबायमध्येच (राखीव, चालू न होता) राहते, किंवा रेषेपासून किती सरकलो ते दाखवणारी सुई जीपीएसवरून नॅव्हवर (आयएलएस पकडणाऱ्या रेडिओवर) आणलेलीच नसते. मग एपीआर बिचारं कशाच्या मागे जाणार? आयएलएसची ओळख सांगणारा मोर्स संकेत ऐकून खात्री करायला दहा सेकंद पुरतात.

‘कुठूनही’? नाशिकच्या ओझर विमानतळाहून नाक सरळ मुंबईकडे केलं तर हेडिंग (नाकाची दिशा, अंशांत) साधारण 224 येतं. त्या वाटेने गेलात तर 27ची मध्यरेषा विमानतळावरच भेटणार, म्हणजे जुळवून घ्यायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा 215 धरून रेषेच्या पूर्वेकडच्या भागाकडे जावं आणि जवळ आल्यावर 240 घ्यावं. तीस अंशांत रेषा कापली की वळायला वेळ मिळतो. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना आपण काटकोनात घुसतो का? पुढे सुईच्या मागे वीस-वीस अंश पळू नका. धावपट्टीच्या तोंडाशी सुई टोकाला गेली, तरी विमान मध्यरेषेपासून फक्त 105 मीटर सरकलेलं असतं. तिथे दोन-तीन अंश बास.

‘कितीही उंचीवरून’ हे तर आपल्यालाच सगळ्यात महागात पडतं. वाटेत सह्याद्री आहे, बाजूला 1,646 मीटरचं कळसूबाई. त्यामुळे नाशिककर उंचावरूनच येतो आणि उंचावरच राहतो. तीन अंशांचा उतार दहा सागरी मैलांवर धावपट्टीपेक्षा साधारण 3,200 फूट वर असतो. त्याच्या खाली सपाट उडत राहा, उतार वरून येऊन तुम्हाला भेटू द्या. वरून गाठायला गेलात तर खऱ्या आयएलएसमध्ये नऊ अंशांच्या आसपासचा खोटा उतार सापडू शकतो. 90 नॉट्स वेगाला मिनिटाला पाचशेच्या जागी चौदाशे फूट खाली!

राहिलं ‘आपणहून उतरतं’. मोठ्या जेटचं ठीक आहे. सेस्ना 172चा ऑटोपायलट ना थ्रॉटल कमी करतो, ना शेवटी नाक उचलतो.

समुद्रावर गेलेल्या त्या मित्राला काल 240वर बसवलं. रेषेची आणि उताराची, दोन्ही सुया मधोमध आल्या. दोनशे फुटांवर त्याने मलाच विचारलं, “आता थ्रॉटल कोण ओढणार?”