सीएनजीची गळती लायटरने तपासण्याचा सल्ला आधी पुसून टाका

‘सीएनजी गाडीतला कोणताही बिघाड घरच्या घरी ओळखा’ असा एक संदेश सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो वाचून माझा मावसभाऊ डिकीतल्या सिलिंडरजवळ लायटर धरायला निघाला होता, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

त्या संदेशातला सर्वांत घातक सल्ला तोच आहे. गॅसचा वास आला की जोडणीपाशी लायटर पेटवा, ज्योत भडकेल तिथे गळती; सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने उडून जातो, त्यामुळे धोका नाही, असे त्यात म्हटले आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, एवढे मान्य करावे लागेल. पण वर जायला त्याला मोकळी वाट हवी. बंद डिकीत तो वरच्या बाजूला साचतो आणि हवेतले त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार इतका दाब असतो. तिथून सुटणाऱ्या गॅससमोर ज्योत धरण्याला तपासणी कशी म्हणायची? वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करावे, सगळ्यांना खाली उतरवावे, डिकी आणि दारे उघडी टाकावीत आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने शोधतात; फेस लावलेल्या जोडणीवर बुडबुडे फुगू लागले की जागा सापडली. मात्र तिथे स्वतः पाना लावू नये, ते काम अधिकृत फिटरचेच आहे.

‘सीएनजीवर गाडी मिसिंग करते (इंजिन मध्येच झटके खाते) म्हणजे रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करून तो इंजिनकडे सोडणारा भाग) गेला’ हा दुसरा दावा जीवघेणा नसला तरी खिसा रिकामा करणारा आहे. सीएनजीचे मिश्रण पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेले प्लग किंवा कमजोर कॉइल आधी सीएनजीवर उघडे पडतात, पेट्रोलवर गाडी ठीक चालते आणि दोष विनाकारण सीएनजी किटवर येतो. म्हणून आधी प्लग काढून पाहावेत, त्यांचा गॅप मोजावा, एअर फिल्टर तपासावा. त्यानंतर स्कॅनर लावून दोन्ही इंधनांवर फ्युएल ट्रिमचे (गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे) आकडे घ्यावेत. पेट्रोलवर ते शून्याच्या आसपास आणि सीएनजीवर सतत बरेच वर राहत असतील, तर गॅस कमी पोहोचतो आहे आणि गॅस फिल्टर, रिड्यूसर, गॅस इंजेक्टर यांच्याकडे वळण्यास आधार मिळतो. दोन्हीकडे ते सारखेच चढलेले असतील, तर हवेची गळती किंवा सेन्सर आधी तपासावा. एवढे न करता रिड्यूसर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजवाल्याला कारण जरूर विचारावे.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवण्याचा सल्लाही चुकीचा आहे. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि बऱ्याच गाड्या सुरूही पेट्रोलवरच होतात.

राहिला ‘हायड्रो टेस्ट म्हणजे लूट’ हा आरोप. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार वाहनातल्या सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी ही तपासणी बंधनकारक आहे. सिलिंडरमध्ये पाणी भरून दाब दिला की धातू कायमचा किती ताणला जातो हे कळते, जे बाहेरून पाहून कळत नाही. पुढच्या तपासणीची तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते. ती उलटून गेली असेल, तर पुन्हा गॅस भरण्याआधी चाचणी करून घ्यावी.