‘टाइमपास’ म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

नमस्कार,

‘कायदा किंवा बिझनेस, जोडीला फ्रेंच’ या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक नाशिककर पालक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द फार कडक गेले असते, म्हणून थांबले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा लेख परदेशातल्या अशा पदव्यांवर होता, ज्यात कायदा किंवा बिझनेसच्या जोडीला फ्रेंच शिकून एखादं वर्ष तिकडच्या विद्यापीठात काढतात. तुमचं म्हणणं असं की अशा पदवीचा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नाही, ती घेऊन भारतात वकिली करता येत नाही आणि भाषांतर आता मोबाईलही करतो. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘फ्रेंच म्हणजे कॉलेज रोडवरच्या मुलींचा टाइमपास. तो पदवीत घुसडून पोरांचं एक वर्ष वाया घालवू नका.’

खर्चावर मी लेखात फार कमी लिहिलं, हे मान्य. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांतल्या पदवीची फी वर्षाला २,७७० युरो ठरवली. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. हा फरक लेखात यायला हवा होता.

पण त्या शेवटच्या वाक्याचं काय? ते तुम्ही कोणाला उद्देशून लिहिलंत? मी मुलगी आहे, नाशिकची आहे, फ्रेंच शिकले आहे. माझे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात शॉप फ्लोअरवर होते. आमच्या घरी शौक म्हणून कोणी काही शिकत नव्हतं. एलएलबी नाशिकला केलं आणि त्यानंतर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचला प्रवेश घेतला. शनिवारी पहाटेची एसटी, रात्री परत. तेव्हाही एका नातेवाइकांनी हाच शब्द वापरला होता. त्यांना मी उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीच्या मालकांनी द्राक्षं दाबण्याचं प्रेस मशीन फ्रान्सहून मागवलं होतं. करार फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत होता. मालकांनी उजवीकडचा इंग्रजी रकाना वाचून सही केली होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मतभेद झाल्यास फ्रेंच मजकूर ग्राह्य, लागू कायदा फ्रान्सचा आणि लवाद पॅरिसला. हप्ता लांबला आणि दंडाची मागणी आली. आकडा एवढा मोठा की मालक नुसता कागद पुढे धरून बसले होते. इंग्रजी वाचून कोणालाही वाटलं असतं की सही केली, आता भरा.

फ्रेंच दिवाणी संहितेचं कलम १२३१-५ वेगळं सांगतं. करारात ठरलेला दंड उघडपणे अवाजवी असेल तर न्यायाधीश तो कमी करू शकतो, अगदीच क्षुल्लक असेल तर वाढवूही शकतो, आणि याच्या विरुद्ध करारात काही लिहिलं तरी ते न लिहिल्यासारखं धरलं जातं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाई देतं, पण करारातल्या रकमेच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे फ्रान्समध्ये दार दोन्हीकडे उघडतं आणि आपल्याकडे एकाच बाजूला. हे ज्याला ठाऊक नाही त्याने पॅरिसला पत्र कोणत्या सुरात लिहायचं? मी ते पत्र फ्रेंचमध्ये लिहिलं, कलमाचा आधार दिला, आणि प्रकरण लवादापर्यंत न जाता बऱ्याच कमी रकमेत मिटलं. मोबाईलने ते पान भाषांतरित केलं असतं. पण करारात कुठेच न छापलेलं कलम त्याच्या मागे उभं आहे, हे फ्रेंच कायदा शिकलेल्या माणसालाच सुचतं.

म्हणूनच मी ‘जोडीला’ म्हणते. मी आधी कायदा शिकले, मग भाषा, आणि फ्रेंच कायदा त्यानंतर रात्री जागून, एकटीने, कोणी विचारायला नसताना. ज्या वर्षाला तुम्ही वाया गेलेलं म्हणता, त्याच वर्षात मुलं हे वर्गात बसून शिकतात. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि पॅरिसचं पाँतेओं-सोर्बोन यांचा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम आहे: दोन वर्षं लंडनला, दोन पॅरिसला, दोन्ही देशांच्या कायद्याची पदवी. आणि हा कायदा एका देशापुरता नाही. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथला दिवाणी कायदा १८०४ च्या फ्रेंच संहितेवरून आलेला आहे. आफ्रिकेतल्या १७ देशांनी ‘ओहादा’ या १९९३ च्या तहाखाली व्यापारी कायदा एक केला, त्याचं बहुतेक सगळं काम फ्रेंचमध्ये चालतं. तिथे माल विकायला निघालेल्या नाशिकच्या कारखानदाराला असा माणूस हवाच असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हे समजावावं लागत नाही, मग गंगापूर रोडच्या घरांना का लागावं?

बाकी मुद्दे. भारतात वकिलीसाठी परदेशी पदवी बार कौन्सिलने मान्य केलेल्या विद्यापीठाची हवी आणि इथे पात्रता परीक्षा द्यावी लागते. हे मूळ लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत. ‘नाशिकमध्ये फ्रेंच कोणाशी बोलणार’ हेही विचारलंत. त्याला मी उत्तर देत नाही.

तुमची मुलगी किंवा मुलगा खरंच अशा पदवीचा विचार करत असेल (तुमच्या रागावरून मला तसं वाटतं), तर अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाला मेल करून एवढंच विचारायला सांगा: परदेशातलं वर्ष तिथल्या कायद्याच्या विद्याशाखेत, तिथल्याच विद्यार्थ्यांबरोबर, फ्रेंचमधून परीक्षा देऊन काढायचं आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती पदवी सोडून द्या, तिथे तुमचं म्हणणं खरं ठरेल. ‘हो’ आलं तर निघण्याआधी डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-टू पातळी गाठायला लावा. त्याहून कमी फ्रेंचवर कायद्याचं लेक्चर डोक्यावरून जातं. आणि यापुढे लिहाल ते स्वतःच्या नावाने लिहा.