गोळी द्या, पण दोन मिनिटं बोला

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी बराच वाद झाला. खालच्या मेडिकलवाल्याने कंडोमची पाकिटं आणि '72 तासांची गोळी' (संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी) काउंटरवरच मांडली आहे, कॉलेजची मुलं येता-जाता बघतात, ती आत ठेवायला सांगा, असं एका काकांचं म्हणणं. तरुण सभासदांनी काकांना मागासलेले ठरवलं आणि दोन दिवस ग्रुप पेटलेला होता. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला फार्मसिस्ट आहे. इकडे येण्याआधी नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये काम करायचे. गोळी दिसावी की झाकावी यावर सगळे तावातावाने बोलले. पण ती घेणाऱ्या मुलीला काही सांगितलं जातं का, यावर कुणी एक ओळ लिहिली नाही. मला तोच मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

नौपाड्यात गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाजूला उभं राहायचं. मग मोबाइल पुढे करायचं, स्क्रीनवर गोळीचं नाव. काळी पिशवी, पैसे, संपलं. इथे तीच गोळी मागायला कुणी आली की तिला बाजूच्या छोट्या खोलीत बसवायचं. संबंध कधी आला, शेवटची पाळी कधीची, वजन साधारण किती, दुसरी कुठली औषधं चालू आहेत? लग्न झालंय का, हे त्यात नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर ती काही करू शकत नाही, म्हणून मुदत 72 तासांची असली तरी जितकी लवकर घ्याल तितकी बरी. वजन सत्तर किलोच्या वर असेल तर इथे दुप्पट मात्रा देतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा परिणाम घटतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेणं सगळ्यात भरवशाचं. आपल्याकडे टीबीचे इतके रुग्ण आहेत, मग हा प्रश्न ठाण्यातल्या काउंटरवर विचारायलाच हवा ना? आणि गोळी घेतली म्हणजे पुढचा महिना मोकळा, असंही नाही. त्याच महिन्यात पुन्हा काळजी न घेता संबंध आला तर दिवस राहू शकतात. ही अडीअडचणीची गोळी आहे, महिन्याची सोय म्हणून घ्यायची नव्हे.

माझी ऐरोली-खारघरची भाचरं, काहींची लग्नं झालेली, काहींची ठरलेली, रात्री उशिरा मला मेसेज करतात. 'मावशी, पाळी संपल्यावर लगेच सेफ असतं ना?' शिकलेली, चांगल्या कंपन्यांत असलेली मुलं आहेत ही, तरी हिशेब कुणी मांडून दाखवलेला नाही. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं आणि जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं. पाळी 28 दिवसांची असेल तर नवव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत धोका जास्त. पण जिची पाळी 23 दिवसांनी येते, तिचं बीज नवव्या दिवशीच सुटू शकतं, म्हणजे पाचव्या दिवशी आलेला संबंधही धोक्यातच आला. त्यात परीक्षा, रात्रपाळी, आजारपण यांनी पाळी पुढेमागे होते. 'ऐनवेळी बाहेर काढतो' या भरवशावर राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात वीसेक जोडप्यांत दिवस राहतात. नेहमीच्या वापरात कंडोमचा हाच आकडा 13 च्या आसपास आहे, पण पहिल्यापासून आणि दरवेळी नीट वापरला तर तो 2 वर येतो. त्याला खोबरेल तेल मात्र लावू नका. तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. 1974 पासून इथे गर्भनिरोधकं लग्नाचा प्रश्न न विचारता मोफत मिळतात. तरीही 2022 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये अडीच लाखांवर गर्भपात झाले, 1967 चा गर्भपाताचा कायदा आल्यापासून तोवरचे सर्वाधिक. कॉपर-टी बसवायला काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. शिवाय 'हे पाश्चात्त्यांचं खूळ' हे मला मुळीच पटत नाही. 1921 मध्ये लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत काढलं. पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला भरला गेला तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. ही आपली परंपरा आहे, ती लपवून ठेवण्यासारखी नाही.

आणि सोय आपल्याकडेही आहे. सरकारी दवाखान्यांत कॉपर-टी, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि हार्मोन नसलेली 'छाया' गोळी मोफत मिळते. ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे आपलं औषध. पण नव्या जोडप्याला दवाखान्याची पायरी चढायचा धीर होत नाही. सासूबाई 'गोड बातमी'ची वाट बघत असतात. पुरुषांबद्दल तर काय सांगावं! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदी 0.3 टक्के होती. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याशिवाय होणारी, तरी हे. दुसरं मूल झाल्यावर टेबलावर झोपायचं कुणी, हे तरुणांनी आताच आपसात बोलून ठेवावं. मी भाच्यांना हे स्पष्ट सांगते.

दिवस गेल्याची शंका असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी घरी टेस्ट करा. तेव्हा निकाल भरवशाचा येतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मित्राच्या ओळखीने गर्भपाताची गोळी आणू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिला असेल तर ती गोळी उपयोगाची नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं, म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला स्पष्ट केलं आहे की गर्भपाताच्या चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीत अविवाहित मुलींना वगळता येणार नाही. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या गर्भपाताला सहसा कायद्याने नवऱ्याची, वडिलांची किंवा सासूची सही लागत नाही, फक्त तिची लागते. कुणी मागितली तर कायद्याचं नाव घेऊन नकार द्या.