मागचा बर्नर वापरू नका

शेगडीमागच्या भिंतीवरचं पीव्हीसी पॅनेल फुलक्यासारखं टम्म फुगलं. माझा फुलका आजवर कधी इतका फुगला नाही, हे दुःख वेगळंच. पॅनेल बसवून वर्षही झालं नव्हतं, म्हणून शोरूमला फोन केला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही त्याच्यासमोर स्वयंपाक करत होता का?"

या प्रश्नाला सभ्य भाषेत उत्तर नाही. म्हणून स्वतःच गेलो.

तिथे आधी फॉर्म. "घरात कुकिंग कोण करतं?" मी म्हटलं, मी. मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात 'मेड' लिहिलं. पुढचा रकाना लाइट, मीडियम की हेवी. मी सांगितलं, रोज दोन वेळा पोळी-भाजी, वरणाला फोडणी, रविवारी मासे तळतो. "हेवी," तो आवाज खाली आणून म्हणाला. मग जरा विचार करून त्याने उपाय सुचवला: "सर, मागचे बर्नर शक्यतो वापरू नका. पॅनेलला त्रास होतो." आणि त्याच दमात मला चार बर्नरची नवी शेगडी दाखवायला लागला. म्हणजे न वापरायला दोन बर्नर मिळतील.

"आणि ओट्यासाठी हा क्वार्ट्झ. हीट रेझिस्टंट."

"किती अंशांपर्यंत?"

हा प्रश्न माझा नव्हता. मागच्या सोफ्यावर एक काका बसले होते. पायात मोज्यांवर सँडल, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. ते उठले, पिशवीतून काडेपेटी काढली आणि टेबलावरचा अ‍ॅक्रिलिकचा नमुना चिमटीत धरला.

"काका, नको! मागच्या वेळी पण तुम्ही…"

"हीट रेझिस्टंट ना? मग घाबरतोस कशाला?"

मुलाने नमुना काढून घेतला. काका माझ्याकडे वळले. "मी तीस वर्षं भोसरीला फाउंड्रीत होतो. चौदाशे अंशांचं लोखंड रोज बघितलंय. आमच्या भट्टीला आतून फायरब्रिकचं अस्तर. तिथे कोणी म्हणालं नाही की साहेब, जरा मंद आचेवर ठेवा." मग मुलाला: "बाळा, या तुझ्या क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा नव्वद टक्के. उरलेलं काय?"

"रेझिन."

"म्हणजे प्लास्टिक. दीडशे अंशांच्या आसपास ते दगा देतं. तळणीचं तेल एकशे ऐंशीला जातं. भजी काढल्यावर यांनी कढई उतरवायची कुठे? डोक्यावर?"

"खाली मॅट ठेवायची ना काका."

"उष्णता मग कोण सोसतंय? मॅट. असं कर, यांना दहा फुटांचा ओटाच मॅटचा करून दे."

मुलगा गप्प झाला. मीही गप्प, कारण माझ्या डोक्यात मॅटच्या ओट्याचा हिशेब सुरू झाला होता.

तसं पाहिलं तर हे राज्य बरंचसं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसावर उभं आहे. अख्खा सह्याद्री म्हणजे भट्टीतून निघालेला माल. आणि आपण रेझिनचा ओटा घेऊन त्याला गरम कुकर चालेल का म्हणून विचारत बसतो. आमची आजी चूल घालायची तेव्हा मातीत शेण आणि भाताचं तूस मळायची. आच लागली की तूस जळून जायचं, मातीत बारीक पोकळ्या राहायच्या आणि चूल सहसा तडकायची नाही. तिने कुठल्या फॉर्ममध्ये 'हेवी' लिहिलं नव्हतं, आणि तिच्याकडे जेवायला रोज पंधरा माणसं.

"मग ग्रॅनाइट?" मी काकांनाच विचारलं. मुलाला विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

"घ्या. तोही ५७३ अंशांच्या पुढे तडकू शकतो, त्यातलं क्वार्ट्झ नावाचं खनिज एकदम फुगतं. पण तुमची भजी तेवढी तापली तर ओट्याची काळजी करू नका, फायर ब्रिगेडला फोन करा."

भिंतीला मुलाने काच सुचवली. काका म्हणाले, टफन केलेलीच घ्या, साधी काच एकीकडे तापून दुसरीकडे गार राहिली की तडकते. आणि स्विचबोर्डाची भोकं आधीच मोजून द्या, टफन झाल्यावर भोक पाडायला गेलात तर हातात चुरा येतो. आमच्याकडे स्विचबोर्डांच्या जागा बिल्डरने डोळे मिटून ठरवल्यात, त्यामुळे काच बाद. उरली व्हिट्रिफाइड टाइल. ती मुळात बाराशे अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, माझ्या फोडणीला काय भीक घालणार! "पण टाइल जुनी फॅशन झाली सर," मुलगा म्हणाला, "आणि सांधे तेलकट होतात." मी म्हटलं, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. होतील तेलकट, पुसेन. नाहीतरी फॉर्मप्रमाणे मी मेडच आहे.

खरा संताप मात्र वॉरंटीच्या कागदाचा. वर ठळक अक्षरात १० वर्षं, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात: उष्णता, तेल व पाणी यांमुळे झालेलं नुकसान वगळून. स्वयंपाकघरात याखेरीज येतं काय? मी आणि झुरळं. त्यांच्या कॅटलॉगातल्या एकाही किचनमध्ये सिलिंडर नाही, लायटर नाही, काळी पडलेली कढई नाही. काचेच्या बाउलमध्ये हिरवी सफरचंदं ठेवलेली. त्या घरातली माणसं जेवतात कुठे? आणि या सफरचंदवाल्यांसाठी बनवलेला माल आमच्या मोहरीसमोर उभा करायचा, तो फुगला की गुन्हेगार आम्ही. पॅनेलचे पैसे मागितले तर मॅनेजर म्हणाला, "सर, युसेज इश्यू आहे." वापर हाच दोष. याच्यावर ग्राहक मंचात जावंसं वाटतं, पण तोवर संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?

शेवटी ग्रॅनाइट आणि टाइल ठरवून अ‍ॅडव्हान्स भरला. निघताना काकांचे आभार मानले आणि विचारलं, "तुम्ही काय बसवताय?"

"मी? काही नाही. घरी कडप्पा आहे, उत्तम आहे. लिंबू सांडलं की डाग पडतो एवढंच. दुपारी हिची भिशी असते, मग मी इथे येतो. एसी बरा आहे."

"तीस वर्षं भट्टीसमोर काढलीत ना?"

"म्हणून तर. आता ऊन सोसत नाही."

मुलाने त्यांच्यासाठी चहा आणला आणि क्वार्ट्झवर कप टेकवण्याआधी आठवणीने खाली मॅट सरकवली. पैसे भरणाऱ्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.