चर्चमध्ये राजकारण आणलं कोणी?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चचा विषय निघाला की आपल्याकडचे चांगले वाचणारे लोकही म्हणतात, 'देवाच्या दारात राजकारण कशाला?' 2008 मध्ये ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांच्या क्लिपा टीव्हीवर फिरल्या, तेव्हाही हाच सूर होता. अहो, ते राजकारण गुलामांच्या मालकांनी आधीच तिथे आणून ठेवलेलं होतं.

1807 साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. मोशे आपल्या गुलाम लोकांना इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या, तावडीतून सोडवून नेतो, तो भागच त्यातून गायब. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हा उपदेश मात्र जागच्या जागी! कुठली पानं गुलामांच्या हाती पडू द्यायची नाहीत, हे कात्री चालवणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

काळ्यांच्या मुक्तीचं धर्मशास्त्र मांडणारे अमेरिकन काळे धर्मचिंतक जेम्स कोन यांनी तीच पानं पुन्हा उघडली. आर्कान्सामधल्या बेअर्डन या छोट्या गावात वाढलेला हा माणूस. 1967 मध्ये काळ्यांच्या उठावात डेट्रॉइट शहर पेटलं, 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि 1969 मध्ये कोन यांचं पहिलं पुस्तक आलं. ख्रिस्त काळा आहे, असं ते म्हणत. लोक कातडीच्या रंगावरच अडकून बसले. कोन सांगत होते ते इतकंच, की जो भरडला जातोय त्याच्या बाजूने देव उभा आहे, आणि अमेरिकेत भरडला जाणारा काळा आहे.

मला स्वतःला त्यांचं 2011 मधलं लिखाण जास्त भिडतं. क्रूस आणि काळ्या माणसांना फासावर लटकवलं जायचं ती झाडं, ही दोन्ही त्यांनी शेजारी ठेवली. 1877 ते 1950 या काळात अशा झुंडबळींची संख्या चार हजारांच्या वर गेली. 1955 मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला हाल हाल करून मारलं, तेव्हा त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडीच ठेवायला लावली. चेहरा ओळखू येत नव्हता. लोकांनी तो बघावा, हाच तिचा हट्ट. राइनहोल्ड नीबुर हे त्या काळातले नावाजलेले धर्मचिंतक. क्रुसावर आयुष्यभर लिहिलं, पण ही झाडं त्यांना त्यात दिसली नाहीत, असा कोन यांचा आरोप. कोन नीबुरना मानत, म्हणून तर हा आरोप जास्त झोंबतो.

आपल्याकडे 1981 मध्ये ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात दलित धर्मशास्त्राचा, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाकडे बघण्याचा, विषय छेडला, तोही याच वाटेने जाणारा.

पण कोन यांच्या सुरुवातीच्या लिखाणात बाई जवळजवळ नाहीच. हा दोष त्यांनी पुढे स्वतः मान्य केला. डेलोरेस विल्यम्स या काळ्या धर्मचिंतक बाईंनी तर मुळालाच हात घातला. बायबलमध्ये अब्राहामाच्या घरची दासी हागार पळून जाते, तेव्हा देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो. पुढे रानात ती तहानेने व्याकूळ होते, तेव्हा देव पाणी दाखवतो. म्हणजे जगवतो, पण सोडवत नाही. मग देव नेहमी सोडवणाराच, असं कसं म्हणायचं? कोन यांच्या बाजूने याचं पटेल असं उत्तर मला अजून वाचायला मिळालेलं नाही. कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.